ओढ्याकाठचे दोन दगड

ये पोकोइना, बस. दार लोटून घे.
तुझी आई अजून रडतेय, भिंतीतून ऐकू येतं.
रडू दे. माझीच बहीण ती;
मी निघाले तेव्हाही अशीच रडली होती,
आणि मी एकटी परतले तेव्हा
तिला रडूच फुटलं नाही.

आज देवळात नावं वाचली.
पापुआच्या किनाऱ्यावर गेलेले आपले आठ जण:
सहा मातीत, एक अंथरुणात, एक मी.
मग पाळकांनी विचारलं, त्यांच्या जागी कोण?
आणि तू उभा राहिलास,
बाकाला हातसुद्धा न टेकता.
खाली बस, असं ओरडणार होते मी.
जिभेवर आलं होतं.
तोंड प्रभूने धरलं की माझं मीच,
ते त्याचं त्याला ठाऊक.

लोकांनी तुला स्तोत्रं दिली, आशीर्वाद दिले,
हार इतके घातले की मान दिसेना.
माझ्याकडे फक्त कामाच्या गोष्टी आहेत.

कोयनेल वाळक्या भोपळ्यात ठेव, पेटीत नको.
पेटीला तिथे आठवड्यात बुरशी धरते.
पाणी उकळ. कंटाळा आला तरी उकळ.
प्रार्थना राहिली तर देव थांबतो,
ताप थांबत नाही.
आणि घर ओढ्यापासून लांब बांध.
आम्ही जवळ बांधलं, पाणी भरायला सोपं म्हणून.
नूमांगा त्याच ओढ्याच्या काठी आहे.

पाळक म्हणाले, नांगराला हात घातल्यावर
मागे पाहू नये. तू मान डोलावलीस.
पण आपल्या बेटावर नांगर पाहिलाय कुणी?
आपण काठीने चिखल उकरतो, अळू लावतो,
आणि लावत लावत मागे सरकतो,
लावलेलं सगळं डोळ्यांसमोर ठेवून.
मी तशीच गेले, पोरा.
तोंड तुमच्याकडे, पाठ त्या किनाऱ्याकडे.
देवाला चाललं.

त्यांच्या भाषेतला पहिला शब्द मी शिकले, पाणी.
दुसरा, चालती हो.
हा दुसरा तुला रोज ऐकू येईल. घाबरू नको,
डुकरांना आणि पोरांनाही ते तेच म्हणतात.
'तारण' याला शब्द शोधत
नूमांगा दोन पावसाळे दारोदार हिंडला.
मिळाला नाही. ही बघ त्याची वही,
त्या जागी नुसती रेघ आहे.

तो गेला, तेव्हा एक म्हातारी आली.
कधी प्रार्थनेला न फिरकलेली,
आमचं एकुलतं लोखंडी भांडं पळवणारी.
तोंडाला चिखल फासून
नऊ रात्री माझ्या शेजारी बसली.
तिसऱ्या रात्री पाठीवर हात ठेवून एक शब्द बोलली.
अर्थ मला पुढे कळला:
ओझ्याखाली वाकलेल्याच्या बाजूला
दुसऱ्याने आपला खांदा घालणं.
रेघेवर मी तो लिहिला. बरोबर की चूक,
तू जाऊन विचार.
तिने बाप्तिस्मा घेतला नाही.
भांडंही परत केलं नाही.

सार्थक झालं का, ते मला विचारू नकोस.
सहा माणसं एका पारड्यात,
दुसऱ्यात काय, ते मला अंधारात दिसत नाही.
बोलावणं आलं होतं एवढं खरं.
अजूनही येतं, पहाटे,
या म्हाताऱ्या गुडघ्यांना.

एकच काम कर.
ओढ्याकाठी दोन दगड आहेत. मोठा त्याचा.
धाकट्याबद्दल मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही.
अकरा दिवसांची होती.
तण माजलं असेल, उपट.
मग थोडा वेळ नुसता बस तिथे.
उपदेश करू नकोस.

जा आता. वही काखेत धर, ओली होऊ देऊ नको.
आज आईजवळ झोप.